कळंब्याचे अण्णा

अण्णा शिंकले की गल्लीतली रडणारी पोरं गप्प होत. तपकीर ओढणारा हा दाढीवाला माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून एकटाच राही आणि दार कायम लोटलेलं. राहायला आले त्या दिवशी कुणीतरी विचारलं, आजवर कुठं होता? "कळंब्याला," म्हणाले आणि आत गेले. आता कळंब्याला होतो म्हणणाऱ्याला कोल्हापुरात पुढचं काही विचारत नाहीत. तिथला तुरुंग सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळपर्यंत गल्लीने त्यांच्या नावावर एक खून घातला, आठवड्यात त्याचे तीन झाले, आणि नाव पडलं जन्मठेप अण्णा.

आई त्यांच्या दारावरून जाताना जोतिबाचं नाव घ्यायची. आमचं मांजर त्यांच्याकडे जाऊन लठ्ठ होऊन येई, त्याचा अर्थ मात्र कुणी लावला नाही.

अक्काची दोन स्थळं गल्लीत चौकशीला आली आणि खुनी शेजाऱ्याचं ऐकून आल्या पावली परत गेली. आईची झोप उडाली. तिसरं स्थळ मुरगूडचं. ती मंडळी यायच्या दिवशी सकाळीच अण्णा कुलूप घेऊन दारात उभे.

"वहिनी, मी आत बसतो. भायेरनं कुलूप घाला. पावणं गेल्यावर काढा."

आईने कुलूप घातलं.

पोहे झाले, अक्का मान खाली घालून बसली, आणि भिंतीपलीकडून ती शिंक आली. बश्या थरथरल्या. मुलाचे वडील ताडकन उठले.

"ही शिंक वळखीची हाय. आमची गाठ कळंब्याला पडल्याली."

आईने जोतिबाचं नाव घेतलं. व्याहीसुद्धा तुरुंगातला! बाबांनी चाचरत विचारलं, किती वर्षं होता?

"वर्सं कसली? तळ्यात बुडालो असतो की. तिथल्या ह्याच शिंकणाऱ्या राखणदारानं केसाला धरून भायेर काढलं."

कळंब्याला तळंही आहे, हे आम्हा त्याचंच पाणी पिणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. घरात माणूस आणि बाहेरून कुलूप का, असं पाहुणे विचारेपर्यंत आई किल्ली घेऊन धावली. आधीच का सांगितलं नाहीत, असं तिने कुलूप काढता काढता अण्णांना विचारलं.

"कुणी इचारलंच न्हाई. आन् लोक भ्यालेलं बरं, दुपारची झोप मिळती."

लग्न जमलं. आईला भाऊ नव्हता, म्हणून अक्कामागे मामा म्हणून अण्णा उभे राहिले आणि पाठवणीला बाबांपेक्षा मोठ्याने रडले. मला तेव्हा ते फार फार आवडले.

काही वर्षांनी ते गेले. आईने देवपूजा बंद ठेवली, सुतक धरलं. रक्ताचं नातं नसताना सुतक कसलं, म्हणून शेजारणीने हटकलं.

"भाऊ गेलाय माझा," आई म्हणाली.