देवाला मागितलेलं घुबड

गुळाच्या ट्रकमधून मी कराडहून निघाले तेव्हा आई फळीला धरून उभी होती. "परक्या मुलखात कुणाला लगेच जीव लावू नगंस," एवढंच म्हणाली. ह्यांना रबाळ्याच्या बाजूला कारखान्यात नोकरी लागली होती, वाशीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. खिडकीबाहेर खाजण आणि नुसता वारा. या नव्या वसाहतींना सरकारी लोक 'नोड' म्हणायचे. वाशी नोड, नेरूळ नोड. आम्हीही तसंच म्हणायला लागलो.

गावाकडं राहिलेल्या बहिणींनो, आणि आता आमच्या सोसायटीत भाड्यानं राहणाऱ्या नर्सिंगच्या पोरींनो, तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. लिम्फोमाचे, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचे, प्रकार डोक्यात राहत नाहीत म्हणता ना पोरींनो? माझ्या डोक्यात ते कायमचे बसलेत, कारण ते माझ्या घरात राहून गेले.

माझा धाकटा भाऊ सदा कामासाठी आमच्याकडं आला. विशीतला, थट्टेखोर. त्याच्या मानेत डाव्या बाजूला गाठ आली. आता पायाची जखम पिकली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. ती ठणकते आणि जखमेबरोबर जाते. सदाची दुखतच नव्हती. रबरासारखी लागायची, बोटाखाली सरकायची. दुखत नाही म्हणून आम्ही निर्धास्त! मग अंगाला खाज सुटली, ताप यायचा-जायचा, रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम, आणि पँट कमरेत ढिली झाली.

खाडीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नोड वाढलेत. शेजारच्या नोडमध्ये पसरलंय का बघावं लागेल."

मी म्हटलं, "नाही हो, नेरूळला आमच्यातलं अजून कुणीच गेलेलं नाही."

सदा इतका हसला की डॉक्टरही हसले. मला मात्र रडूच आलं, आपल्याला साधं काही कळत नाही म्हणून.

वरच्या मजल्यावर सुमन राहायची, मूळची मालवणची, नर्सिंग शिकणारी. तिनं माझ्या पोळपाटावर पिठाची टिंबं काढली. "वहिनी, ह्ये अंगातले नोड, सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठी. मान, काख, छाती, पोट, जांघ. लिम्फोमाची दोन मोठी घराणी. एक हॉजकिन. ता शेजारधर्मानं चालता. आधी वाशी भरली, मग तुर्भे, मग नेरूळ. मानेतून काखेत, नाहीतर छातीत, बहुतेक ओळीनं. दुसरा नॉन-हॉजकिन. त्याका ओळ नाय. आज वाशी, उद्या एकदम पनवेल. कधी नोड सोडून पोटात, नाहीतर कातडीत."

"म्हणजे सदाचं पहिलं?"

"चालीवरून नुसता अंदाज करायचा, वहिनी. ताप, घाम, वजन उतरणं दोन्हींत असतं. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कोणी सांगू नये. हॉजकिनमध्ये एक मोठी पेशी सापडता, दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी टकामका बघणारी. आणि तरुण पोरांना तोच जास्त. औषधाला ऐकणारासुद्धा तोच."

गाठ काढली. रिपोर्ट यायचा होता. गावाकडं घुबड ओरडलं की आई थू थू करायची, आणि मी देवापुढं हात जोडून घुबड मागत होते.

सदाच्या शेजारच्या खाटेवर खाडीकाठच्या गावातले म्हात्रेबाबा होते. वय झालेलं. गाठी मानेत, जांघेत आणि पोटातही. त्यांचं नॉन-हॉजकिन. सुमन सांगायची, ते एका आजाराचं नाव नाही, मोठं खटलंच आहे. बरेचसे बी जातीच्या पांढऱ्या पेशींचे, थोडे टी जातीच्या. काही वर्षानुवर्षं सावकाश चालतात, काही बघता बघता वाढतात. बाबांचं सावकाशीचं होतं. म्हणायचे, "माजी शेती नोडमदी गेली, आता आंगान पन नोड! मना सोरीत नाय ते." आम्ही हसायचो. ते बरीच वर्षं येत-जात राहिले, मग यायचे थांबले.

सदाचं घुबड निघालं. हॉजकिन, मान आणि काख, एकाच बाजूला. शेक द्यायचा ठरला, दवाखान्यातली माणसं किरणांना शेकच म्हणायची.

ते कानावर गेलं आणि आई येऊन उभी राहिली. "शेक तर मी बी दीन की, वीट तापवून. त्येला गावाकडं नेते. काय व्हायचं ते आपल्या दारात हू दे."

"आई, हा शेक वेगळा. मधेच सोडला तर पोरगं हातचं जाईल."

"तू शिकवू नगंस मला. माझं हाय ते."

"तुझंच आहे. पण नेऊ द्यायची नाही मी."

आईला असं कधी बोलले नव्हते. तिनं सदाकडं बघितलं. तो खाली बघत म्हणाला, "आक्का म्हणती तसं." आई दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. जेवली नाही.

शेकानं सदाचा घसा सोलवटायचा, चव गेली, शेकलेल्या बाजूची दाढी गळाली. मी भात मऊ करून भरवायची. सुमन परीक्षेचं वाचता वाचता त्याचा ताप बघायची. मग इंजेक्शनं झाली. हळूहळू पँटला पुन्हा पट्टा लागेनासा झाला. आता तो कामोठ्याला असतो, नातवंडांवर ओरडतो. तुम्ही आज जे शिकता त्यात औषधं पुष्कळ नवी आहेत पोरींनो, प्रकारही बारीक बारीक पाडलेत. पण न दुखणाऱ्या गाठीला हसण्यावारी नेऊ नका.

आणि आईचं म्हणाल, तर बरा झाल्यावर मी सदाला घेऊन पहिल्यांदा गावाला गेले. आईनं त्याच्या मानेवरून हात फिरवला, मग काखेत, मग पुन्हा मानेवर. सगळीकडं सपाट. चार दिवस त्याला खाऊ घातलं. निघताना तिनंच पिशवी भरली. आमच्या वाशीच्या खोल्यांना ती तोवर कधी घर म्हणाली नव्हती, नुसतं 'तिकडं' म्हणायची.

पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "ऊन व्हायच्या आत निघा. ने त्येला घरी."