कॅमेऱ्याच्या जागी त्याचं नाव

लातूरहून नांदेडला येताना माझा नवरा रस्त्यावर वारला. तो सोमवार होता.

लातूरच्या एका कंपनीत तो डाळमिलच्या मशीनसाठी प्रोग्रॅम लिहायचा. डाळ घसरत येते, कॅमेरा काळा दाणा हेरतो, हवेचा झोत तो दाणा बाजूला उडवतो. झोत कधी सोडायचा ते त्याचा प्रोग्रॅम ठरवायचा. मी नांदेडच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. आमच्या घरातलं निम्मं बोलणं याच गोष्टींवर चालायचं.

दहाव्याला कंपनीचे मालक रेणापूरला, माझ्या सासरी आले. सासऱ्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले. भावकीसमोर म्हणाले, त्याने शेवटी बसवलेलं मशीन बंद पडलंय, चूक त्याच्याच प्रोग्रॅममध्ये निघाली, अलीकडे त्याचं कामात लक्ष नव्हतं. सांत्वनाच्या सुरात बोलले, ते जास्त लागलं. त्यानंतर कुणी मुलाचा विषय काढला की सासरे एवढंच म्हणत, ‘‘कामात चुकला म्हणतेत.’’

मी लातूरला कंपनी गाठली. मशीन बंद पडलं त्याच अवस्थेत ठेवून त्याला डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम कुठे अडला ते दाखवणारं साधन, जोडलेला होता. पडद्यावर नवऱ्याच्या फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा होता. समोर त्याचा सहकारी, आमच्या घरी कितीदा जेवून गेलेला.

‘‘वहिनी, हे मी म्हणत न्हाई. डीबगर म्हणून राहिलाय.’’

डीबगर स्वतःचं काही म्हणत नसतो. नवऱ्याच्या प्रोग्रॅमपासून बनलेली ऑब्जेक्ट फाइल ही तयार झालेली, पण अजून जागेवर न बसलेली गोष्ट. तिचे वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येक भाग आपली मोजणी शून्यापासून करतो. मशीन सुरू झालं की हे भाग मेमरीत जिथे नेमून दिलं असेल तिथे जाऊन बसतात, एकमेकांपासून लांबही. कोणता भाग कुठे बसला ते डीबगरला सांगावं लागतं. एकाच भागाची जागा सांगितली, तर बाकीचे त्याच्या पाठोपाठ असतील असं तो धरून चालतो. तक्रार करत नाही. नाव आणि ओळ तितक्याच ठामपणे दाखवतो.

मी सहकाऱ्याला विचारलं, डीबगरला किती भागांचे पत्ते दिलेत? तो म्हणाला, मुख्य भागाचा दिलाय, तेवढ्यावर चालतं.

झोत सोडणारा भाग नवऱ्याने मुद्दाम वेगळ्या, जलद मेमरीत ठेवला होता. तो पाठोपाठ नव्हताच. मी प्रत्येक भागाची खरी जागा मशीनमधूनच काढायला लावली. फाइल डीबगरमध्ये पुन्हा चढवली, या वेळी सगळे पत्ते देऊन. नवऱ्याचं नाव गेलं. मशीन अडलं होतं त्या जागी डीबगर झोताचा भाग धरून चालला होता, प्रत्यक्षात तिथे कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम बसलेला होता. कंपनीने तो बाहेरून विकत घेतलेला. माझ्या नवऱ्याने त्यातली एक ओळही लिहिली नव्हती.

सहकाऱ्याने माउस बाजूला सारला. मग म्हणाला, ‘‘वहिनी, आता कशाला मनाला लावून घेताय? माणूस तर गेला.’’

माणूस गेला म्हणूनच. तो असता तर त्याने दोन मिनिटांत हे दाखवलं असतं आणि यांची हिंमत झाली नसती. मेलेला माणूस उलट विचारत नाही, एवढीच सोय त्यांनी पाहिली. मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, जिथे बसून बोललात तिथेच बसून हे सांगा. ते म्हणाले, ‘‘सांगतो की ताई, फोन करतो.’’

फोन आला नाही. शेवटी मीच रेणापूरला जाऊन सासऱ्यांना सांगितलं. जागांचं, पत्त्यांचं त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘मंग त्याची चूक न्हवती म्हणायची?’’

‘‘नव्हती, मामा.’’

‘‘तू त्याची बायको हाय. तू म्हणणारच. मालकानं चारचौघांत सांगितलंय, त्यानंच येऊन चारचौघांत सांगावं.’’

कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम बदलला गेला. मशीन चालू आहे. मालक अजून रेणापूरला आलेले नाहीत.