बोटीवर बसवलेला सोनार

मला माशांच्या वासाची शिसारी आहे. रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाने हे बोलू नये, पण आहे ते आहे. आमच्या घरात मासे कधी शिजले नाहीत. वडील कोर्टात कारकून होते, आई शाळेत शिकवायची, आणि मी टीव्ही दुरुस्त करायचो. पुढे पातळ पडद्यांचे टीव्ही आले. ते बिघडले की लोक दुरुस्तीला आणत नाहीत, नवाच घेतात. मी दुकानात मिक्सर आणि इस्त्र्या उघडून बसायला लागलो, तेव्हा एक दिवस माझा शाळेतला मित्र दारात येऊन उभा राहिला.

आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो होतो. त्याचा बाप साधी होडी घेऊन समुद्रावर जायचा. याच्या आता मिरकरवाडा बंदरात दोन मोठ्या पर्ससीन बोटी आहेत. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढा घालून खालून बटव्यासारखं आवळायचं जाळं.

"सोनार बसवायचाय बोटीवर," तो म्हणाला. "मुंबईचा माणूस गणपतीनंतर येतो म्हणतोय. तोवर सीझन थांबतो काय माझ्यासाठी? तू बसव."

"मी कधी बघितलाही नाही रे तो."

"पडदाच आहे ना शेवटी? टीव्हीसारखा."

घरी आईला सांगितलं तेव्हा तिला वाटलं दागिने घडवणारा सोनार. "बोटीवर सोनार कशाला? सुरमयीला नथ करायचीय काय?" म्हणाली. मी तिला समजावलं. बोटीच्या तळाला एक यंत्र असतं, ते पाण्यात आवाज सोडतं. आवाज माशांच्या थव्यावर आपटून परत येतो आणि पडद्यावर डाग उमटतो. थवा जितका दाट, तितका डाग लाल. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "येताना मागच्या दाराने ये."

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. मित्राची बोट ओंडक्यांवर तिरकी उभी होती. तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडून खाली टाकल्या होत्या आणि त्यांतलं मांस सडत होतं. त्या राड्यात पाठीवर झोपून मला बोटीच्या तळाला भोक पाडायचं होतं. माशा तोंडावर बसत होत्या. हात वर असल्यामुळे त्या हाकलताही येत नव्हत्या. एक माशी ओठांच्या कोपऱ्यातून आत शिरली, तशी मी ड्रिल टाकून बाजूला पळालो.

आतलं काम त्याहून वाईट. बोटीच्या पोटात इंजिनाखाली काळं पाणी साचलं होतं. त्यात डिझेल होतं, माशांचं रक्त होतं आणि गेल्या सीझनमध्ये फळ्यांखाली घरंगळून गेलेले मासे होते. ते मासे आता मासे राहिलेच नव्हते, नुसता लगदा झाला होता. त्यात पोटरीपर्यंत उभं राहून मी यंत्राची जाड नळी बसवली. भोवती रबर, त्यावर चिकट लांबी, मग बोल्ट. या नळीतून घुमटासारखा एक गोळा तळाखाली उतरतो आणि चारी दिशांना आवाज सोडतो. बोल्ट आवळताना पाना निसटून पाण्यात पडला. मी हात घातला. हाताला जे मऊ मऊ लागलं ते पाना नव्हतं.

मी वर येऊन ओकलो. मित्र शिडीशी उभा राहून पोट धरून हसत होता. "ए वरणभात! अजून तसाच आहेस रे!"

शाळेत तो मला याच नावाने हाक मारायचा. मलाही हसू आलं. तेव्हा त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नव्हतं.

यंत्र चालू केलं तर पडद्यावर नुसते ठिपके, जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या तसे. इंजिनाच्या डायनामोचा करंट सोनारच्या वायरीत घुसत होता. ती वायर मी दुसऱ्या बाजूने फिरवून नेली आणि नीट अर्थिंग दिलं, तेव्हा पडदा निळाशार झाला. एक सांगायला हवं, तो निळा पडदा बघून मला टीव्हीच्या दिवसांसारखा आनंद झाला होता.

सीझन उघडल्यावर मित्र म्हणाला, "चल आमच्याबरोबर. तांडेलला शिकव." तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. हे गृहस्थ साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. खलाशी बहुतेक नेपाळी होते. सकाळी बंदरातून निघालो, मिऱ्याचा डोंगर मागे टाकला, आणि आरे-वारेच्या समोर खोल पाण्यात मी सोनारचा गोळा खाली सोडला. तांडेलना म्हणालो, "हा मधला ठिपका म्हणजे आपली बोट. हे बटण दाबलं की लांबचं दिसतं. याने कोन खाली-वर होतो. आणि या बटणाने यंत्राचा कान तीक्ष्ण होतो, पण फार वाढवू नका. नसलेलंही ऐकू यायला लागतं."

"माणसासारखंच आहे म्हणजे," तांडेल म्हणाले.

मालगुंडच्या समोर डाव्या अंगाला लाल डाग उगवला. तांडेलनी बोट गोल फिरवली, खलाशांनी जाळं सोडलं, खालून आवळलं. बांगडा निघाला, चांगलं जाळं भरून. सगळे ओरडत होते. मित्राने मला मिठी मारली. त्याच्या बनियनला खवले चिकटले होते, ते माझ्या गालाला लागले आणि मला मळमळलं, पण मीही ओरडत होतो.

दुपारी दुसरा डाग दिसला. हा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पडद्याचा एक कोपराच लाल झाला. जाळं आवळून बोटीशी आणलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं. मी वाकून बघितलं. आत बांगड्याचीच पिल्लं होती, माझ्या करंगळीएवढी, लाखांनी.

"बारीक आहे," मित्र म्हणाला.

"मग सोड ना. अजून जिवंत आहेत."

"सोडू? कुटीला जाईल की." कुटी म्हणजे सुकवून दळलेली मासळी. तिचं खत होतं, कोंबड्यांचं खाद्य होतं.

"पुढच्या वर्षी हीच मोठी झाली असती."

"मी सोडली तर ती पलीकडची बोट ओढेल. तिच्यावरपण सोनार आहे. ओढा रे!"

खलाशांनी ओढलं. तांडेलनी तोंड फिरवलं आणि ते समुद्रात थुंकले. पिल्लं फळ्यांवर ओतली तेव्हा त्यांचा आवाज वाळू ओतावी तसा आला. वरच्यांच्या वजनाने खालची फुटत होती. डेकवरून राखाडी चिकट पाणी वाहायला लागलं. खलाशी त्यात गुडघ्यापर्यंत उभे राहून फावड्याने ती खणात लोटत होते. कुणी ओरडत नव्हतं. मी केबिनमध्ये जाऊन पडद्यासमोर बसलो. तो डाग जिथे होता, तिथे आता निळं होतं.

चार-पाच दिवसांनी एक सैल झालेली वायर बघायला मी बंदरावर गेलो. मधे पाऊस पडून गेला होता आणि कुटीवाल्याची गाडी आलीच नव्हती. पिल्लांचा ढीग जेटीच्या कडेला होता. तो ढीग हलत होता. आधी मला वाटलं, वाऱ्याने. जवळ गेल्यावर दिसलं, अळ्या होत्या. खालून पिवळं पाणी वाहत होतं आणि कुत्रीसुद्धा लांबून वास घेऊन परत फिरत होती. माझ्यासमोर दोन खलाशांनी तोंडाला फडकी बांधली आणि तो सगळा ढीग फावड्यांनी ढकलून खाडीत टाकला. मित्र तिथेच उभा राहून मोबाइलवर बोलत होता. फोन ठेवून तो मला म्हणाला, "बरं झालं आलास. दुसऱ्या बोटीवर कधी बसवतोस?"

"नाही बसवणार."

"का रे? वास? नाकाला फडकं बांध."

"वासाचं नाही," मी म्हणालो. "तुझी किळस येते."

हे माझ्या तोंडून गेलं आणि मलाच धक्का बसला. "मासे खात नाहीस, मारत नाहीस, आणि मला शिकवतोस," तो म्हणाला. "अंडी खाताना कोंबडीचं खाद्य कशाचं बनतं ते आठवत नाही, आणि म्हणे किळस." मी निघालो. दुसऱ्या बोटीवरचा सोनार मुंबईच्या माणसाने बसवला.

पुढच्या सीझनला त्याचा फोन आला. मधल्या काळात आम्ही बोललो नव्हतो. "मशीन बिघडलंय," एवढंच म्हणाला. मी बसवलेलं यंत्र, म्हणून गेलो.

पुन्हा तीच बोट, तेच तांडेल. बंदर सोडलं, मिऱ्या गेला, आरे-वारे गेलं, मालगुंड गेलं, जयगडपर्यंत पोचलो. पडदा निळा. खाली समुद्रतळाची रेघ स्वच्छ दिसत होती, खडक दिसत होते, आणि त्यावर काही नव्हतं.

"बघितलंस?" मित्र म्हणाला. "आंधळं झालंय."

मी इंजिन बंद करायला लावलं. दोरीला जाळ्याचं शिसं बांधून पाण्यात सोडलं आणि सोनारचा कोन खाली वळवला. मुठीएवढं शिसं पडद्यावर लख्ख दिसलं. मी दोरी ओढली तसा ठिपका वर आला, सोडली तसा खाली गेला.

"मशीन ठीक आहे," मी म्हणालो. "मासे नाहीत."

"शिसं दिसतं आणि मासा दिसत नाही, म्हणजे तुझं सेटिंग चुकलंय." त्याने मला बाजूला सारून यंत्राचा कान वाढवायचं बटण दाबलं. दाबतच राहिला. पडद्यावर मुंग्या आल्या, मग मुंग्यांचे ठिपके झाले, ठिपक्यांचे ढग झाले. "हे बघ! हे काय आहे मग?"

"ते काही नाही रे. आपल्याच इंजिनाचा आवाज आहे, लाटांचा आहे."

"जाळं टाका," तो ओरडला.

तांडेल जागचे हलले नाहीत. "शेठ, ते सांगतायत ना, खोटं आहे ते."

"टाका म्हणतो ना!"

टाकलं. आवळलं. वर आली ती जेलीफिश, बादल्या-बादल्या, नासलेल्या पेजेसारखी लिबलिबीत. त्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या रिकाम्या थैल्या, एक चप्पल. जाळ्याच्या भोकाभोकांतून तो लगदा गळत होता आणि खलाशांच्या दंडावर पडत होता. जेलीफिशचा दंश आगीसारखा असतो. एक खलाशी हात झटकत कळवळत मागे सरला, तर मित्र त्याच्यावर ओरडला, "जाळं सोडू नको!" आणि मग स्वतःच पुढे होऊन दोन्ही हातांनी तो लगदा उपसायला लागला. खाली काहीतरी असेल म्हणून. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले, तरी थांबेना. तोंडाने शिव्या चालू होत्या, मला, यंत्राला, तांडेलला, समुद्राला.

अशा वेळी मित्राची दया यावी. मी वाट बघितली, आली नाही. मला फक्त ओकारी येत होती, आणि ती जेलीफिशची नव्हती. शेवटी तांडेलनीच त्याला खांद्याला धरून मागे ओढलं, हातांवर समुद्राचं पाणी ओतलं आणि जाळं कापून सोडून दिलं.

त्याने माझं यंत्र काढून टाकलं आणि आणखी लांबचं दिसणारं बसवलं. दुसरी बोट त्याने पुढे विकली. तांडेल काम सोडून गावी गेले. बंदरावर माझं काम अजून चालतं. वायरलेस, बॅटऱ्या, दिवे दुरुस्त करतो. सोनारच्या कामाला हात लावत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या बोटीचा वायरलेस बघायला गेलो होतो. मित्र त्याच्या डेकवर नवीन जाळं पसरून बसला होता. त्याची भोकं आधीच्यापेक्षा बारीक होती. त्याने मान वर केली. "चहा घेतोस काय?"

नाही म्हणता आलं नाही. त्याने मागवला. त्याच्या हातांवर दंशाचे काळपट वळ अजून होते. मी कप हातात धरून बसलो, आणि चहा निवून त्यावर साय धरली तरी त्याच्याशी बोलण्यासारखं मला काही सुचलं नाही.