खुडूक कोंबडीची होडी

आमच्या ग्रुपमधल्या त्या माणसाची आठवण झाली की माझं डोकं अजून फिरतं. गॉगल कायम कपाळावर, मत नेहमी ताज्या परदेशी मासिकातलं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘कळलं?’

नव्वदच्या दशकात भंडारदरा धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की आमचा ग्रुप प्रवरेच्या उसळत्या पाण्यात कयाक घालायचा. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. एका वर्षी त्याने नवी, आखूड कयाक आणली आणि जुनी लांबलचक काठावरच्या चहावाल्या मावशींच्या अंगणात टाकली. “असली लांब होडी आता कोणी वापरत नाही, कळलं? कोंबड्यांना होईल.”

आणि झालीही! तिच्या बसायच्या खळग्यात मावशींची कोंबडी खुडूक बसली.

पुढे मासिकाचं मत फिरलं. वेगवान पाण्यात म्हणे जुन्या लांब होडीसारखी मजा नाही! हा तडक अंगणात शिरला. “अवो थांबा, पिल्लं निघायला आलीत,” असं मावशी म्हणेपर्यंत याने होडी उलटी केलीसुद्धा. सगळी अंडी दगडावर फुटली. मी ओरडलो, तर मलाच म्हणतो, “होडी माझीच आहे. कोंबडी काय, कुठेही बसेल.”

अरे, टाकून दिलेली वस्तू परत नेताना निदान विचारावं तरी!

मावशींनी टरफलं गोळा केली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “न्या दादा. पर फॅशन फिरली की हितंच आणून टाका. आमच्या कोंबडीला जुनी चालती. कळलं?”