रोटोटुनातला ओला कोपरा

"थर्ड कॉल-बॅक," माझा बॉस ग्रेग फोनवर म्हणाला. "एक तर बेस चुकलाय, नाहीतर तू."

बेस मीच घातला होता, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा तक्रार आली होती आणि मी रोटोटुना या उपनगरातल्या केतकी नावाच्या गिऱ्हाइकाच्या बॅकयार्डमधला तोच कोपरा उचकटायला निघाले होते.

मी पुण्याची सिव्हिल इंजिनिअर. इकडे परदेशात, हॅमिल्टनला आल्यावर मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून आर्टिफिशियल लॉन बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले आणि तिथेच रमले. लोकांना वाटतं, प्लास्टिकचं गवत म्हणजे अंथरलं की विसरलं. तसं नसतं. सगळ्यात खाली दाबून बसवलेली खडी असते, तिला आम्ही बेस म्हणतो. पाणी तिच्यातून निचरून जातं. वर टर्फ, म्हणजे गवताचा गालिचा. पाती ताठ राहावीत म्हणून त्यांच्या मुळाशी बारीक वाळू भरतात. इथली हवा दमट. कितीतरी सकाळी धुकं असतं. कुठे ओल टिकली की वाळूत शेवाळ धरतं, शेवाळावर धूळ बसते, धुळीत बी पडतं. मग प्लास्टिकमधून खरं तण उगवतं आणि दोन पट्ट्यांमधला सांधा सुटायला लागतो.

केतकीकडे नेमकं हेच चाललं होतं. दोनदा मी तण उपटलं, औषध फवारलं, सांधा चिकटवला. दोनदा ते परत आलं.

२०१६ चा एप्रिल होता. सकाळचं दुसरं काम रद्द झालं, म्हणून न कळवताच गेले. केतकी मुलीला शाळेत सोडायला गेली होती. साइड गेटने आत शिरले, तर त्या कोपऱ्यात एक आजोबा उकिडवे बसलेले. ऐंशीच्या घरातले. स्वेटर, कानटोपी, एका हातात होजपाइप, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली कात्री. प्लास्टिकची पाती मन लावून कापत होते.

हे केतकीचे वडील, अण्णा. आई गेल्यावर तिने त्यांना सांगलीहून आणलं होतं. आधीच्या दोन्ही वेळा ते मला काचेच्या दारामागे खुर्चीत पेंगत बसलेले दिसले होते.

"जपून गं पोरी. ओलं आहे."

"अण्णा, काय करताय?"

"वाट करून देतोय." त्यांनी प्लास्टिक बोटांनी बाजूला सारलं. सांध्यातून खऱ्या गवताचा एक पुंजका वर आला होता, तळहाताएवढा. "हरळी नाही ही, पण जात चांगली आहे. दोनदा वाढवली. दोन्ही वेळा कोणीतरी येऊन औषध मारून गेलं."

फवारणीचा पंप माझ्या हातात होता. त्यांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू होय?"

"हो."

"असू दे. तुझं कामच आहे ते."

"पण अण्णा, हे बाकीचं सगळं प्लास्टिक—"

"मला कळत नाही होय? पस्तीस वर्षं क्रिकेटचं ग्राउंड राखलंय मी. पहिल्या दिवशीच ओळखलं. सगळीकडे एकसारखं हिरवं! खरं गवत असं कधी नसतं. कुठे पिवळं, कुठे पोपटी, कुठे रुसलेलं."

उठताना त्यांनी माझा खांदा धरला. बाही वर सरकली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा पडला होता.

"पडलात?"

"परवा. शेवाळावरनं घसरलो. केतकीला सांगू नकोस. दार बंद करून ठेवेल ती."

मी टर्फ उचलून बेसवर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. मिनिटभरात जिरलं. बेसचा दोष नव्हता. अण्णांच्या रोजच्या पाण्याने वाळू वाहून गेली होती आणि ओल हटत नव्हती. मी सुटले होते. पण तो हात मी पाहिला होता. पुढच्या वेळी खुबा मोडला तर? केतकी आल्यावर मी तिला सांगितलं. अण्णांच्या समोरच सांगितलं, पाठीमागे नाही.

"अण्णा!" तिचा आवाज चढला. "मी ऑफिसला असताना काही झालं असतं तर? आजपासून दाराला लॉक."

अण्णा आत गेले, कात्री धुऊन जागेवर ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

केतकी मागच्या लाकडी डेकच्या पायरीवर बसली. "कंबर गेलीय त्यांची. जन्मभर वाकून वाकून. म्हणून तर हे टाकलं गं. म्हटलं, काही करायला नको, नुसतं हिरवं बघायचं." तिने डोळे पुसले. "चुकलं का माझं?"

"नाही चुकलं," मी म्हणाले. "पण मला एक तुकडा कापू दे. तिथे लाकडाची चौकट करते, बाकाएवढी उंच. आत माती घालू, खरं गवत पेरू. ते काठावर बसून काम करतील. वाकायला नको. इथलं शेवाळ मी साफ करते. पाणी थांबलं की परत धरणार नाही."

ती उठली आणि दार सरकवून आत वाकली. "अण्णा, तुमचं गवत कुठे हवंय?"

ते लगेच उठले नाहीत. खरंच विचारतेय की समजूत घालतेय, हे बघत होते बहुतेक. मग चपला घालून बाहेर आले, कपाळावर हात धरून सूर्य पाहिला आणि थेट समोरच्या कुंपणाकडे बोट केलं. "तिथं. इकडे सूर्य आपल्यासारखा दक्षिणेकडनं नाही, उत्तरेकडनं जातो. या कोपऱ्यात दिवसभर सावली."

"मग इतके दिवस याच कोपऱ्यात का?" मी विचारलं.

"इथंच उगवलं ना ते."

कुंपणाजवळचा चांगला टर्फ कापून मी खराब कोपऱ्यात बसवायला घेतला. सांध्याला गोंद लावणार, एवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, "उलटा बसवतेयस. कल बघ."

टर्फची पाती एका बाजूला झुकलेली असतात. सगळ्या तुकड्यांचा कल एकाच दिशेला हवा, नाहीतर ठिगळ लांबूनही दिसतं. हे मी नव्या मुलांना शिकवते. मुकाट्याने तुकडा फिरवला.

तो पुंजकाही मुळासकट काढून कुंडीत लावून दिला. पुढच्या आठवड्यात चौकट झाली. माती अण्णांनी स्वतः चाळली.

"चांगल्या लॉनला तू भोक पाडलंस?" ग्रेगने विचारलं.

"हो."

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"बेस ठीक आहे, असं लिही."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या भाषेत 'मस्त', असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पेरणीनंतर दोनेक आठवड्यांनी केतकीचा फोन आला. तिने तो सरळ अण्णांकडे दिला.

"पोरी, उगवलं. येऊन बघून जा." मग जरा थांबून, "औषध आणू नकोस."

त्या घरून पुन्हा कॉल-बॅक आला नाही. दाराला लॉकही लागलं नाही. अण्णा दर आठवड्याला कडक झाडूने प्लास्टिकचं लॉनही झाडत. पाती उभी राहावीत, शेवाळ धरू नये, म्हणून आम्ही हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकणारं मी एकच पाहिलं, तेही प्लास्टिकला नावं ठेवणारं.

आमच्या साइट-फॉर्मवर उतार, ऊन, निचरा असे रकाने छापलेले असतात. त्याखाली मी आता पेनाने एक ओळ वाढवते : दिवसभर घरी कोण असतं? ग्रेगला वाटतं, लॉन उकरणाऱ्या कुत्र्यासाठी मी विचारते.