मान मान हांग

चिनी भाषेचे आमच्या चुलत सासऱ्यांइतके मोठे विद्वान साऱ्या चांदा जिल्ह्यात नव्हते, कारण दुसरे कोणी नव्हतेच. लढाईआधी ते आलापल्लीच्या एका लाकूड-ठेकेदाराबरोबर रंगूनला गेले, तिथे कँटनकडच्या एका सुताराच्या हाताखाली राहिले आणि लढाई पेटल्यावर पायी परत आले. एवढ्या वर्षांची कमाई म्हणजे तीन शब्द : "मान मान हांग." दारातून कोणीही बाहेर पडले की हे ओट्यावरून तेच ओरडत. तेलीण, कोतवाल, पीठ मागून निघालेला गोसावी, कोणाचीही सुटका नाही. अर्थ विचारला तर रोज नवा. मास्तरांना सांगितले, "रामराम समजा." तेलिणीला म्हणाले, "राजाले म्हनतेत असं." मला तर वाटे, यांना स्वतःलाच ठाऊक नसावा. गावात ते शब्द समजत फक्त आमच्या बैलांना. गाडी हाकतानाही यांचे चिनी चालूच असे, आणि ते ऐकले की बैल पाऊल आखडत.

नणंदेला दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसरे पाहुणे कुरखेड्याकडून आले. मुलगी पाहिली, चहा घेतला, "कळवतो" म्हणून उठले, आणि फाटकापाशी पोचले नाहीत तोच मागून आरोळी! निघत्या माणसाला मागून हाक! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी दाराआडून मनात त्यांना काय काय म्हटले, ते इथेही लिहवत नाही. मुलाचे वडील परत फिरले.

"काय म्हनलं भाऊ तुमी?"

"हळूहळू चाला म्हनलं."

"काऊन? आमी लंगडे दिसून राह्यलो का?"

"नाई जी. चिनी लोकायत जानाऱ्याले असंच म्हनतेत. जपून जा म्हून. मी रंगूनहून निंगालो तवा वरून बॉम पडून राह्यले, अन् माहा मिस्तरी दारात उभा राहून म्हने, हळूहळू चाल. मले हासू आलं. मंग डोंगरात समजलं. जे धावले, ते थितीच राह्यले."

अपशकुन मोडायला पाहुणे पुन्हा बसले. पुन्हा चहा झाला. उठताना मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंद हाय आमाले. पन आता मागून बोलू नोका, भाऊ. नाईतं आनखी चहा प्या लागन."

लग्न झाले. नणंद आमच्याच गाडीत बसली, तेव्हा सगळे ओट्याकडे पाहू लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या शब्दांचे काम पडले होते, तर हा मनुष्य खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबून उभा! शेवटी ते मीच म्हटले, दाराआडून. पण माझा आवाज तो कितीसा! बैलांनाही ऐकू गेला नाही. गाडी तळ्याच्या पाळीवरून भराभर निघून गेली.