पाणी कोण भरतं?

यशवंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते. त्यांची सून एवढंच म्हणाली, "सकाळी चहा घेतला नि आडवे झाले ते..." आज सव्वा महिना झाला. आमचं रक्ताचं नातं नव्हतं. ते आमच्या भागाचे आरोग्य सेवक. किन्हवलीच्या पुढचे पाडे मोटारसायकलवर फिरायचे, विहिरींच्या पाण्याचे नमुने न्यायचे. गाव त्यांना डॉक्टरच म्हणायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि सायन्स घेतलं ते त्यांच्यामुळे. हे मी अभिमानाने सांगते.

मी चौथीत असताना आमच्या विहिरीचा अहवाल आला, पाणी पिण्यास अयोग्य. तो फायलीत लावून टाकला असता तर कुणी विचारलंही नसतं. काकांनी तो ग्रामसभेत उभं राहून वाचला, पाणी उकळून प्या म्हणून बजावलं, हजर असलेल्यांच्या सह्या घेतल्या. त्यात आमच्या बाबांचीही होती. आठवड्याभरात माझी धाकटी बहीण पिंकी जुलाब-उलट्यांनी इतकी सुकली की तिला शहापूरला न्यावं लागलं. काका धावत आले. "अहो, मी सभेत सांगितलं होतं ना?" पिंकीचे पाय चोळणाऱ्या आईने बाबांकडे पाहिलं.

"तुमी गेलतेव सभेला?"

"गेलतो."

"मंग घरात का नाय सांगितलं?"

"कापणीची घाई होती गो... राहून गेलं."

आई काकांकडे वळली. "डॉक्टर, एक इचारू? पानी कोन भरतं? हे भरतात? यांना हंडा कुठं असतो ते तरी म्हाईत हाय का? बायांना का नाय सांगितलंत?"

दुसरा कुणी असता तर त्याने सह्यांचा कागद पुढे केला असता. काका खाली मान घालून बसून राहिले. कागदावर त्यांची चूक कुठेच नव्हती, तरी त्यांनी ती आपली मानली. पाचव्या दिवशी पिंकी उठून बसली, पेज मागू लागली, तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून रडले... मी पाहिलंय.

त्यानंतर ते सभेत वाचायचेच, पण आधी सकाळी विहिरीवर उभे राहायचे, बाया पाण्याला येतात तेव्हा. सांगून झालं की म्हणायचे, "आता तू मला सांग, मी काय बोललो?" बायांना हसू यायचं. "डॉक्टर परीक्षा घेतात गो! नापास झालो तर छडी मारतील काय?" काका म्हणायचे, "तू नापास झालीस तर मी नापास." नोकरी लागल्यावर माझा पहिला अहवाल मी मोठ्या ऐटीत त्यांना दाखवला. पाठ थोपटून म्हणाले, "आता हा आईला वाचून दाखव." वाचला. आईला ओ की ठो कळलं नाही. "मग अर्धंच काम झालंय, पोरी."

गेल्या आठवड्यात मुरबाडच्या हद्दीला लागून असलेल्या एका पाड्याचा अहवाल खराब आला. म्हसा गावची जत्रा तोंडावर, घरोघरी पाहुणे येणार. ऑफिसात म्हणाले, "ग्रामपंचायतीला पत्र गेलंय, आपलं काम संपलं." मी सकाळची बस धरून गेले. निवृत्तीनंतरही काका या पाड्यावर यायचे, कधी मला सोबत घेऊन. विहिरीवर भागीआजी होती, आणखी चौघी-पाच जणी. मी सांगितलं. आजीने न विचारताच म्हणून दाखवलं, "उकळल्याबिगर प्यायचं नाय. पावडर टाकतील, परत तपासतील, तोवर नाय." मग माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "आज एकलीच? डॉक्टर नाय आलं?"

पाण्याबद्दल काय बोलायचं ते मी बसमध्ये जुळवून आले होते. हे जुळवलं नव्हतं.

"काका गेले, आजी. महिना झाला."

तिने हंडा खाली ठेवला. मग, त्यांनीच लावलेल्या सवयीने, हळूच म्हणाली, "डॉक्टर गेलं..."

तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे मला ते कळलं.